हिरव्या वाटाण्याची डाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही डाळ नेमकी कशाची? मटार वाळवून, सोलून करतात का?

मटार आणि ही डाळ एकाच जातीची भावंडं, पण वाण वेगळे. भाजीसाठी किंवा फ्रोझनसाठी लावतात त्या मटारमध्ये साखर जास्त असते आणि दाणा वाळला की सुरकुततो. डाळीचा वाटाणा पिष्टमय असतो. तो शेंगेतच पूर्ण पिकवून वाळवतात आणि वाळल्यावरही तो गोल, गुळगुळीत राहतो. त्याची साल काढून भरडला की दोन अर्धगोल सुटतात, तीच ही डाळ. त्यामुळे घरचे मटार वाळवून अशी डाळ होत नाही.

सालीच्या मूगडाळीशीही हिची गल्लत होते. मूगडाळ बारीक, लांबट आणि आतून पिवळी असते. ही डाळ मोठी, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर आणि आतबाहेर सारखीच हिरवी.

मग पिवळ्या वाटाण्याची डाळ वेगळी का?

फरक मुख्यतः रंगाचा. बहुतेक वाटाणे पिकताना आतलं हरितद्रव्य मोडतं आणि दाणा पिवळा पडतो. हिरव्या वाणांत हे मोडण्याचं काम करणारा जनुक नीट चालत नाही, म्हणून पूर्ण वाळलेला दाणाही हिरवाच राहतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल यांनी आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मठातल्या बागेत हाच फरक मोजला होता. पिवळ्या आणि हिरव्या वाटाण्याच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्यांना ८०२३ दाणे मिळाले. त्यांतले ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे, म्हणजे जवळपास तीनास एक. १८६६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात हे आकडे आहेत. आज आपण पातेल्यात शिजवतो तो हाच मागे पडणारा हिरवा गुण.

चवीला हिरवी डाळ किंचित गोडसर लागते आणि तिला ताज्या शेंगेचा वास असतो. पिवळी जरा सपक. शिजायला दोन्हींना जवळजवळ सारखाच वेळ लागतो.

पोषण किती मिळतं?

१०० ग्रॅम कोरड्या डाळीत २० ते २४ ग्रॅम प्रथिनं, सुमारे ६० ग्रॅम कर्बोदकं (तंतू त्यातच धरून), १७ ते २५ ग्रॅम तंतू आणि एक-दीड ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. वाण आणि मोजण्याची पद्धत यांनुसार आकडे थोडे इकडे-तिकडे होतात. शिजल्यावर डाळ पाणी पिते आणि वजन साधारण अडीच पट होतं. त्यामुळे १०० ग्रॅम शिजलेल्या घट्ट डाळीत ११८ कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं आणि ८ ग्रॅम तंतू असा हिशोब बसतो. पाकिटावरचा आकडा कोरड्या डाळीचा असतो आणि आपण खातो शिजलेली. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो.

प्रथिनांत ही डाळ तुरीच्या बरोबरीची आहे. तिचं खरं बळ तंतूंत आहे. सोललेल्या तूरडाळीत १०० ग्रॅममागे साधारण ९ ग्रॅम तंतू असतात, इथे त्याच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त. पोट साफ होत नाही अशी तक्रार असलेल्या घरात आठवड्यातून दोनदा तरी ही डाळ करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माणशी किती घ्यावी? नुसत्या डाळीवर प्रथिनांची गरज भागते का?

माणशी ४० ग्रॅम कोरडी डाळ पुरते. १५० मिलिलीटरच्या आमटीच्या वाटीत साधारण १२५ ग्रॅम डाळ मावते, म्हणजे एक वाटी डाळ तिघांना पोटभर आणि चौघांना बेताची. ४० ग्रॅममधून ८ ते ९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ६० किलो वजनाच्या प्रौढ माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. एका आमटीने ती भागत नाहीत. दुसऱ्या जेवणात उसळ आणि जोडीला दूध, ताक किंवा अंडं हवं.

प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी वाटाण्यात लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी. भात, पोळी, भाकरीत याच्या अगदी उलट. म्हणून डाळ-भात किंवा डाळ-भाकरी एकत्र खाल्ली की दोघांची उणीव भरून निघते. खिचडी लावताना तीन भाग तांदळाला निदान एक भाग डाळ घ्यावी. मूठभर तांदळात चिमूटभर डाळ टाकून हा फायदा मिळत नाही.

लोह मिळतं म्हणतात, ते कितपत खरं?

मिळतं, पण मापात. ४० ग्रॅम डाळीत जेमतेम २ मिलिग्रॅम लोह असतं आणि प्रौढ स्त्रीसाठी भारतात रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. शिवाय डाळीतलं फायटिक आम्ल त्यातलं बरंचसं लोह अंगी लागू देत नाही. दोन गोष्टी करता येतात. ताटात वाढल्यावर डाळीवर लिंबू पिळावं, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं. ते उकळीने नष्ट होतं, म्हणून पिळायचं ते ताटातच. दुसरं, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, तास-दीड तास जाऊ द्यावा. रक्त कमी असेल तर मात्र डाळीच्या भरवशावर राहू नका. तपासणी करून डॉक्टरांनी दिलेली गोळीच घ्यायला हवी.

भिजवावीच लागते का?

सक्ती नाही. साल निघालेली असल्यामुळे पाणी लगेच आत शिरतं. अख्ख्या वाटाण्याला रात्रभर भिजत ठेवावं लागतं, डाळीला अर्धा ते एक तास पुरतो. भिजवल्याने तीन फायदे होतात: दाणे एकसारखे शिजतात, गॅस वाचतो आणि पोट फुगवणाऱ्या शर्करा थोड्या पाण्यात उतरतात. ते पाणी फेकून द्या. वडे किंवा धिरडी करायची असतील तर तीन-चार तास हवेतच.

भिजवण्याआधी डाळ तीन-चार पाण्यांतून धुवा. पहिलं पाणी दुधाळ निघतं, ती भरडताना निघालेली पिठूळ भुकटी. ती तशीच राहिली तर कुकरमध्ये फेस होतो आणि डाळ तळाला लागते.

कुकरमध्ये किती पाणी, किती शिट्ट्या?

एक वाटी भिजवलेल्या डाळीला तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि एक चमचा तेल. मीठ नंतर घातलेलं बरं. डब्यात लावत असाल तर डबा निम्म्याहून जास्त भरू नका. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग आच मध्यम करून आणखी दोन. वाफ आपोआप जिरू द्या, कारण झाकणाआड डाळ आणखी दहा मिनिटं शिजत असते. न भिजवलेल्या डाळीला एक-दोन शिट्ट्या जास्त लागतात.

थेट कुकरमध्ये शिजवणार असाल तर जास्त सांभाळा. ही डाळ तुरीपेक्षा जास्त फेसाळते. फेस वर चढून शिट्टीच्या नळीत साल-पिठाचा बोळा बसला तर वाफेची वाट बंद होते. हा खरा धोका आहे. कुकर निम्म्याच्या खाली ठेवा, झाकण लावण्याआधी उघड्यावर एक उकळी काढून वरचा पांढरा फेस पळीने काढून टाका, तेल घाला आणि मगच झाकण लावा. शिट्टीतून डाळीचं पाणी उडायला लागलं तर आच लगेच बंद करा. शिट्टी ओढून वाफ सोडायला जाऊ नका. नंतर नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघा आणि सुईने साफ करा.

तासभर शिजवली तरी दडदडीतच राहते. काय चुकतं?

कारणं बहुधा तीनच. पहिलं, डाळ जुनी आहे. उष्ण आणि दमट जागी वर्षभर पडून राहिलेली डाळ आतून अशी घट्ट होते की कितीही शिट्ट्या द्या, मऊ होत नाही. दुसरं, पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं आणि पेशी सुट्या होत नाहीत. तिसरं, आंबट फार लवकर पडलंय. टोमॅटो, चिंच, आमसूल, कैरी यांतलं काहीही डाळ मऊ होण्याआधी घातलं की शिजणं थांबल्यासारखं होतं. मिठाला उगाच दोष देतात. एवढ्याशा मिठाने फारसं बिघडत नाही, आंबटाने नक्की बिघडतं.

कारण कुठलं ते ओळखायला त्याच डाळीचा मूठभर भाग पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात, काहीही न घालता शिजवून बघा. मऊ झाली तर दोष पाण्याचा किंवा आंबटाचा. नाही झाली तर डाळच जुनी. अशा वेळी वाटीभर डाळीला पाव चमच्याच्या निम्मा खाण्याचा सोडा भिजवण्याच्या पाण्यात घालून, नंतर धुऊन शिजवता येते. पण रोज नको. सोड्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि तो जास्त पडला की साबणासारखी चव येते.

कच्ची असताना सुंदर हिरवी, शिजल्यावर शेवाळी. रंग टिकवता येतो का?

पूर्ण नाही. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आम्ल यांनी तो निसटला की हिरवा रंग मेंदीसारखा होतो. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तिथे रंग सर्वांत जास्त जातो. उघड्या पातेल्यात मंद उकळीवर शिजवली, हळद कमी घातली आणि आंबट अगदी शेवटी घातलं तर बरीच हिरवी राहते. रंग हवाच असेल तर मूठभर पालक किंवा कोथिंबीर वाटून, आच बंद करताना मिसळा. चव वाढते आणि रंगही सुधारतो.

तांब्याच्या भांड्यात भाजी हिरवीगार राहते हे खरं आहे, कारण मॅग्नेशियमची जागा तांबं घेतं. पण म्हणून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत डाळ शिजवू नका. आंबटाबरोबर तांबं अन्नात उतरतं आणि ते विषारी ठरू शकतं.

रोजच्या आमटीची कृती सांगा.

चार जणांसाठी वरच्या मापाने शिजवलेली एक वाटी डाळ घ्या आणि गरम असतानाच घोटा. रवीच्या चार-पाच फेऱ्या पुरतात. मिक्सर लावला तर खळीसारखी चिकट होते, कारण हिच्यात पिष्ट भरपूर. घोटताना दोन वाट्या गरम पाणी घाला, गार पाण्याने गुठळ्या होतात.

पातेल्यात दोन चमचे तेल. मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, पाव चमचा हिंग, सहा-सात कढीपत्त्याची पानं, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून आणि चार पाकळ्या लसूण ठेचून. लसणाची कड गुलाबी झाली की लगेच डाळ ओता, तांबूस होईपर्यंत थांबलात तर कडवटपणा डाळीच्या गोडसर चवीवर बसतो. दीड चमचा गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ, चमचाभर मीठ. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं उकळा. सारखी ढवळा, तळापर्यंत पळी न्या, कारण ही डाळ तुरीपेक्षा लवकर बसते आणि करपते. शेवटच्या तीन मिनिटांत तीन-चार आमसुलं. गॅस बंद करताना आमटी हवी त्यापेक्षा पातळ दिसली पाहिजे. ताटात येईपर्यंत ती आपोआप दाटते.

डाळीचा उग्र वास आवडत नसेल तर धुण्याआधी कोरडीच मंद आचेवर चार मिनिटं परता. खमंग वास सुटला की थांबा. रंग थोडा उतरतो, पण कच्चटपणा जातो.

दाणा अखंड राहील अशी मोकळी डाळ कशी करायची?

यासाठी कुकर नकोच. डाळ दोन तास भिजवून निथळा. पातेल्यात चौपट पाण्याचं आधण येऊ द्या, डाळ टाका, आच मंद करा. पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे, खदखदता कामा नये. दहाव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी एक दाणा काढून बघा. आधी कड अर्धपारदर्शक होते आणि मधोमध एक फिकट ठिपका राहतो. तो ठिपका गेला आणि दाणा बोटांत दाबल्यावर न फिसकटता दुभंगला की तीच वेळ. कडा सुटून पाण्यात पांढुरका गाळ दिसू लागला तर डाळ हातची गेली, तिची आमटी करा. झालेली डाळ लगेच चाळणीत उपसून ताटात पसरा, ढिगात ठेवली तर स्वतःच्या वाफेने मऊ पडते. वरून हिंग-मोहरीची फोडणी, कांदा, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. डब्यासाठी उत्तम.

हरभरा डाळीऐवजी वापरता येईल का? पुरण, वाटली डाळ, वडे?

पुरणाला नको. हिचं पुरण चिकट होतं, पोळी लाटताना पसरत नाही आणि वाटाण्याचा वास वेलचीलाही दबत नाही. वाटली डाळ होते, फक्त भरड वाटा, तेल सढळ घाला आणि झाकणाखाली वाफ कमी द्या, नाहीतर गोळा होतो.

वडे चांगले होतात. एक वाटी डाळ तीन तास भिजवून पंधरा मिनिटं चाळणीत निथळा आणि पाणी न घालता भरड वाटा, काही दाणे अर्धे राहू द्या. तीन मिरच्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, एक कांदा, कोथिंबीर आणि दोन चमचे तांदळाचं पीठ. मिश्रण हाताने दोन-तीन मिनिटं फेसा, हा टप्पा टाळला की वडे दगड होतात. मीठ तळण्याच्या अगदी आधी घाला, कांद्याला पाणी सुटून पीठ सैल झालं की वडे तेल पितात. मध्यम आचेवर तळा. गार झाल्यावर ते कडक होतात, म्हणून गरमच वाढा.

धिरड्यांसाठी एक वाटी डाळीला अर्धी वाटी तांदूळ, चार तास भिजवून बारीक वाटा.

फ्रिजमध्ये ठेवलेली आमटी वडीसारखी थिजते. खराब झाली का?

नाही. शिजलेलं पिष्ट गार झालं की घट्ट बसतं. गरम पाण्याचा हबका देत मंद आचेवर सैल करा आणि मीठ पुन्हा चाखा. दोन-तीन दिवस टिकते. आंबूस वास आला किंवा वर बुडबुडे दिसले तर टाकून द्या.

गॅस होतो, पोट फुगतं. उपाय?

रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बॅस्कोज या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवलेलं पाणी टाकणं आणि डाळ पूर्ण मऊ शिजवणं हे दोन उपाय खरोखर उपयोगी. फोडणीत हिंग, आलं, ओवा घातला की जेवण हलकं वाटतं. सवय नसलेल्याने पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटीवर थांबावं, रात्रीऐवजी दुपारी खावी.

मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, तान्हं बाळ: कोणी काय सांभाळावं?

मधुमेहात चालते. साखर हळूहळू वाढते. पण डाळीतही पिष्ट आहे, म्हणून डाळ वाढली की भात तेवढा कमी करायचा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. १०० ग्रॅम शिजलेल्या डाळीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं आणि प्रथिनांचंही माप ठरलेलं असतं, तेव्हा आहारतज्ज्ञाला विचारूनच. युरिक आम्ल वाढलेल्यांनीही डॉक्टरांशी बोलावं.

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर मऊ शिजवून, गाळून, मीठ-साखर न घालता दोन चमच्यांपासून सुरुवात करा. पहिले तीन दिवस दुसरा नवा पदार्थ देऊ नका, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर कारण कळेल.

या डाळीने पाय लुळे पडतात असं ऐकलं आहे.

ती ही डाळ नव्हे. ती लाख, म्हणजे खेसारी. भंडारा-गोंदियाकडे तिला लाखोरी म्हणतात. तिच्यातल्या एका विषारी अमिनो आम्लामुळे, महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. लाखेचा दाणा कोनदार, पाचरीसारखा असतो. वाटाण्याच्या डाळीचा अर्धगोल बिनकोनी. शंका आली तर दहा-बारा दाणे पांढऱ्या कागदावर पसरून बघा.

हिरवा रंग लावलेली डाळ कशी ओळखायची?

पेलाभर साध्या पाण्यात मूठभर डाळ टाकून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. शुद्ध डाळीचं पाणी पिठूळ, फिकट होतं. पाण्यात स्पष्ट हिरवा रंग उतरला तर डाळ रंगवलेली आहे, परत करा. अस्सल डाळीचे दाणे कधीच एकाच छटेचे नसतात. काही फिकट, काही पिवळसर असतातच. सगळे सारखे चकचकीत हिरवे दिसले तर संशय घ्या.

कशी साठवावी?

उजेडापासून लांब. काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवलेली डाळ दोन-तीन महिन्यांत पांढुरकी पडते, कारण उजेडाने हरितद्रव्य विटतं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. पावसाळ्याआधी कडक उन्हात नको, सावलीत पसरून वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावर भरा. कोमट असताना भरली तर आत दमटपणा धरतो आणि किडे होतात. सहा-आठ महिन्यांत संपेल एवढीच आणा.

मोड येतील का?

नाही. भरडताना अंकुर तुटतो. मोडांसाठी अख्खे वाटाणे घ्या.

परदेशात तूरडाळ मिळत नाही तिथे ही चालेल?

चालेल. युरोप-अमेरिकेतल्या साध्या दुकानांत सूपसाठी म्हणून ही डाळ सहज मिळते. नेदरलँड्समध्ये हिचंच स्नर्ट नावाचं सूप करतात, इतकं दाट की चमचा उभा राहावा. आपल्या वरणासाठी हिरवीपेक्षा पिवळी घ्या. तूप-मीठ-लिंबाच्या साध्या वरणात हिरवीचा वास वेगळा जाणवतो, तर आमटीत आणि पालकाच्या पातळ भाजीत हिरवी जास्त खुलते. पाणी तुरीपेक्षा अर्धी वाटी जास्त धरा. तिथल्या पाकिटावर अख्खा वाटाणा की डाळ ते नीट वाचून घ्या. अख्खा आणलात तर रात्रभर भिजवल्याशिवाय कुकर लावू नका.